चिप कुणाच्या हातात द्यायची

हॅलो?… हो, मनस्विनीच बोलतेय, नांदेडहून… कोण, वर्षाराणी? अगं, रविवारी सकाळी साडेनवाला? माझा चहा पण व्हायचाय अजून.

काय बंद पडलं?… सर्व्हर. अन् आजच… माहितीये गं, अकराला टेस्ट आहे. इथं नांदेडात चौकाचौकात तुमच्या लातूरच्या क्लासची जाहिरात आहे, तुमच्या मुकुल सरांचा फोटो, हाताची घडी घालून.

बरं, रडू नको. स्क्रीनवर काय आलंय ते वाच… तू अर्थ लावू नको, नुसतं वाच… हां. म्हणजे डिस्कला कुलूप आहे अन् ते उघडणारी चिप सापडून नाही राहिली मशीनला.

कोण म्हणतंय चिप ओळखणारा प्रोग्राम, तो ड्रायव्हर, उडाला?… अनय. सरांचा भाचा. पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला अन् तीन वर्षं सांगत फिरतो, तोच ना?… आता काय करून राहिलाय?… फॉरमॅट?

वर्षा, त्याचा हात धर… अगं खरंच धर, लाजू नको. फॉरमॅट झालं की पेपर गेला… धरलास? बरं.

आता त्याला सांग. त्या चिपचा ड्रायव्हर मी कर्नलच्या, म्हणजे मशीनच्या मूळ प्रोग्रामच्या, पोटातच बसवलाय. डिस्कवर वेगळा ठेवला असता तर डिस्क उघडायला ड्रायव्हर पाहिजे, अन् ड्रायव्हर घ्यायला डिस्क उघडी पाहिजे. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. म्हणून तर तीन दिवस बसले होते तुमच्याकडं. पोटातली आतडी कधी बाहेर फिरायला जातात का?

काय म्हणतो?… यूट्यूबवर वेगळं सांगितलंय. मग यूट्यूबलाच फोन लाव म्हणावं.

आणि तू कुजबुजून काय बोलून राहिलीस?… लिहून मागितलं? सरांनी? 'माझ्या हलगर्जीपणामुळं'… अन् अकरापर्यंत चालू झालं नाही तर उद्यापासून येऊ नको… सही केलीस?… मग करू नको. पेन ठेव खाली, स्क्रूड्रायव्हर घे.

मशीन बंद कर. वायर काढ… डबा उघडला? खाली कोपऱ्यात बघ, टपालाच्या तिकिटाएवढी चिपची पट्टी आहे, पिनांवर खोचलेली… नुसत्या पिना?… नीट बघ… पट्टीच नाही.

फोन स्पीकरवर टाक… नमस्कार सर. चिप कुणी काढली?… आपोआप पडली असती तर डब्यातच सापडली असती, सर… बोला ना… काल पेपर चढवल्यावर. वर्षा घरी गेल्यावर. सुरक्षेसाठी.

म्हणजे चोर येईल म्हणून तुम्ही दाराचं कुलूपच उपटून घरी नेलं… हो, ऐकलं. तिच्यावर भरोसा नव्हता. तेही तिच्यासमोरच सांगून राहिलात, छान.

कुठं आहे चिप?… आईच्या गाठोड्यात. कसलं गाठोडं?… किल्लारीच्या भूकंपापासूनचं. सातबारा, डाग-दागिने, औषधं, सगळं बांधून दाराशी घेऊन झोपतात… सर, भूकंपाला इतकी वर्षं झाली, अजून गाठोडं? अन् त्यांना विचारून टाकली का चिप?… न विचारताच.

बरं, मी दिलेलं बंद पाकीट? चिप गेली तर उघडायचा संकेतशब्द आहे त्यात… तेही त्याच गाठोड्यात. धन्य आहे. मग आणा गाठोडं… आई ते घेऊन मुरुडला गेल्यात? लेकीकडं?… जोडा फोन. लगेच जोडा.

हॅलो, सिंधुताई?… मी क्लासचं मशीन बसवणारी. आईंच्या गाठोड्यात एक पाकीट आहे बघा… सापडलं? फोडा अन् वाचून दाखवा, एकेक अक्षर… का?… कोण थांब म्हणतंय?… आई? द्या त्यांना.

केवळाबाई आजी, नमस्कार… मी मनस्विनी… हाव आजी, ते पाकीट मीच लिहिलंय… नाही, तुम्ही मला बघितलेलं नाही… अहो, तुमचा मुलगा पण आहे फोनवर, ऐका, तो विनवणी करून राहिलाय… आवाजावर भरोसा नाही?

…

हां… हां… भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी… नातेवाईक म्हणून आले… मालकांचं नाव बरोबर सांगितलं… अन् पेटी घेऊन गेले. तुम्हीच हातानं दिलीत.

…

नका सांगू, आजी. बरोबर आहे तुमचं. मी बोलले ते चुकलं. फोनवर कुणालाच सांगू नका, मला पण नाही. माझी सगळी विद्या एवढंच सांगते, अन् आज ते समजलेलं माणूस पहिल्यांदा भेटलं.

मग असं करा… हो, तेच म्हणणार होते. गाठोडं घेऊन तुम्हीच या. जीप मिळेल?… सिंधुताई सोबत आहेत ना. पाऊण तासात लातूर… या, सावकाश.

सर, तुम्ही मध्ये बोलू नका, आजी बोलून राहिल्यात… काय म्हणालात आजी?… सरांच्या हातात देणार नाही?… न विचारता गाठोड्यात हात घातला म्हणून. मग कुणाच्या?… ती पोरगी, रोज जाताना लॅबच्या किल्ल्या तुमच्या हातात मोजून देते ती?… हाव, आहे. फोनवरच आहे, ऐकून राहिलीये.

ऐकलंत सर? तुम्ही फक्त दार उघडून धरा. अन् तो कागद फाडा, आजींना वाचता येतं.

वर्षा… वर्षा, ऐकलंस ना? तुझ्या हातात देणार म्हणतात. पट्टीची खाच बघून सरळ दाब, बाकी कर्नल अन् ती बघून घेतील… अगं रडून काय राहिलीस. पुस आधी. ओला हात चालत नाही तिला.