कारणाचा रकाना

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय मोठे साहेब, व्यासपीठावरचे इतर अधिकारी, ठाण्यातले माझे सहकारी, व्यापारी संघाची मंडळी आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेली माझी घरची माणसं,

तेहतीस वर्षं मी पोलीस ठाण्यात लेखनिक म्हणून काढली, आज निवृत्त होतोय. साहेब आत्ताच म्हणाले, माझं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. आमच्या हिचं मत जरा वेगळं आहे. ती म्हणते, "अक्षराचं कौतुक सगळेच करतात, काय लिहिलंय ते वाचतं कोण?" तर आज थोडं वाचून दाखवतो.

रस्त्यात अडवलेल्या माणसांची आमच्याकडे एक नोंदवही असते. नाव, वेळ आणि अडवण्याचं कारण. नियम साधा आहे. आधी कारण, मग माणूस. कारण नसेल तर त्याची वाट सोडायची. पण रोज नवं कारण आणायचं कुठून? म्हणून दुपारी काम कमी असलं की मी पुढची आठ-दहा पानं भरून ठेवायचो. नाव कोरं, वेळ कोरी, कारणाच्या रकान्यात ओळीनं 'संशयास्पद हालचाल'. मोठे साहेब तेव्हा आमच्या ठाण्याचे प्रमुख होते. माझी पाठ थोपटून म्हणाले होते, "याला म्हणतात दूरदृष्टी!" नको, टाळ्या नकोत. पुढचं ऐका.

सहा वर्षांपूर्वी एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास याच साहेबांनी चौकातून एका चावीवाल्याला धरून आणलं. पिशवीत तारा, कानशी, आकडे. म्हणजे चोरच, नाही का? तो हात जोडून सांगत होता, "साहेब, एक आजी घरात पडल्यात. लोखंडी दार आहे, आतून बंद. त्यांच्या लेकीनं मला बोलावलंय. खोटं वाटत असेल तर तुमच्या गाडीत घालून न्या, पण चला!"

"मला अक्कल शिकवतोस? बस तिथं."

"मला अटक केलीय का, साहेब?"

"अटक कोण करतंय तुला? बस म्हटलं की बसायचं."

मंडळी, अटक नाही आणि सुटकाही नाही, अशी जागा कोणत्या कायद्यात आहे? आमच्या ठाण्यात मात्र होती. माझ्या टेबलासमोरचं बाकडं. साहेब बैठकीला निघून गेले. चावीवाल्याचा फोन माझ्यासमोर काढून ठेवलेला, तो सारखा वाजत होता. त्या लेकीचाच असणार, दुसऱ्या कुणाचा? मी उचलला नाही. उचलू नको असं कुणी सांगितलं नव्हतं. उचल असंही कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याचं नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारण तयारच होतं.

दीड वाजता साहेब परतले आणि म्हणाले, "हा अजून इथंच? सोडा त्याला." तोवर शेजाऱ्यांनी कुठूनतरी कटर आणून दार कापलं होतं. आजी गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या.

लेकीनं तक्रार केली. चौकशीत शेरा पडला, 'नोंद नियमानुसार, कारण नमूद.' साहेबांना बढती मिळाली. चावीवाल्याला मात्र कुणी दारात उभं करेना. पोलिसांनी संशयित म्हणून लिहिलेल्या माणसाच्या हाती आपलं कुलूप कोण देणार? आजचं आमंत्रण घेऊन मी त्याच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "येईन हो. पण परत निघताना कुणाला विचारावं लागेल?"

ती वही वर्षाअखेरीस बंद झाली तेव्हा तीन पानं उरली होती. नाव नाही, वेळ नाही, मुळात माणूसच नाही, आणि कारण मात्र हजर. ती लेक अजून कोर्टात लढतेय; आज सकाळी मी तिच्या वकिलांकडे लेखी जबाब दिला. पानं कशी भरली जायची तेही सांगितलं आणि ती वही कोणत्या कपाटात आहे तेही. माझी पेन्शन अडेल. हिला ठाऊक आहे. म्हणाली, "अडू दे."

साहेब उठले वाटतं. जाऊ द्या त्यांना, दारातली मंडळी, जरा बाजूला व्हा. कारण नसताना माणसाला थांबवायचा अधिकार मला नाही. त्यांनाही नव्हता.

आपण वेळ काढून आलात, शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी मी तुमच्याकडे मागत नाही. ती द्यायचा हक्क एका लेकीचा आहे, आणि तिनं ती देऊ नये.