अकरा दिवस

मॅडम : म्हणजे आधी महिन्याला पंचवीस दिवस यायची, आणि आमच्या योजनेची रोख मदत सुरू झाल्यावर अकरा. बरोबर?

मुकादम : बरोबर. हजेरी माझ्याच हातची आहे. पण मॅडम, हे लगेच कागदावर घेऊ नका हो.

मॅडम : का? मगाशी तुम्हीच म्हणालात, फुकटचा पैसा आला की माणूस हातपाय हलवत नाही.

मुकादम : जिभेला काय हाड असतं? ते बाकीच्यांबद्दल. आमच्या चिमणीबद्दल नाही.

मॅडम : पण मी चिमणीच्याच चौकशीला आलेय. कामाचे दिवस निम्म्याहून खाली आले, की रोख बंद आणि नाव प्रशिक्षण केंद्रात. तिथं शिधा मिळेल, काहीतरी शिकवतील. वाईट काय त्यात?

मुकादम : गेली होती की मागं! दोन महिने मेणबत्त्या करायला शिकली. इथं वीज जात नाही, घ्यायच्या कुणी? हसताय काय, खरंच सांगतोय. घमेली वाहून मान आखडलेली बाई ती, आणि हातात मेणबत्ती.

मॅडम : मग उरलेले चौदा दिवस करते काय ती?

मुकादम : इथंच असते.

मॅडम : इथं? आणि हजेरी नाही?

मुकादम : मजुरीच नाही, तर हजेरी कसली? आमचा एक म्हातारा गवंडी आहे, महाखडूस. त्याच्या मागं लागली, मला गिलावा शिकवा. तो म्हणाला, शिकणाऱ्याला मजुरी नाही, आणि बाईला तर मी शिकवतच नाही. ही म्हणाली, मजुरी नको, नुसती उभी राहू द्या. पाच महिने, मॅडम! ह्याच मागच्या खोलीची एक भिंत धरली. सकाळी लिंपायची. म्हातारा ओळंबा सोडून बघायचा, ‘भिंतीला पोट सुटलंय’ म्हणायचा, की ही सगळं खरवडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझी बिगारी गेली ना, मी रोज तिच्या नावानं बोटं मोडायचो. म्हटलं, पैशाचा माज आलाय.

मॅडम : आणि आता?

मुकादम : तुमच्या पाठीमागची भिंत तिची. फिरवा हात.

मॅडम : अगंबाई! किती गुळगुळीत.

मुकादम : म्हाताऱ्यानं ओळंबा लावला आणि गप्प बसला. वीस वर्षांत गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला. सलाम आहे त्या बाईला. तुम्ही पंचवीस दिवसच लिहा, मी सही ठोकतो.

(चिमणी दारात येते. हात कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेले.)

चिमणी : नका लिहू, मॅडम. अकराच लिहा.

मुकादम : गप्प बस ना बये! तुझ्याच भल्याचं बोलतोय.

चिमणी : ठाऊक आहे, मुकादम. पण पंचवीस लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, पैसे दिले काय अन् न दिले काय, बाई होती तिथंच आहे. घरात चूल पेटत होती म्हणून मी बिनमजुरीची उभी राहू शकले. तेवढेच दिवस खोडून टाकता होय?

मॅडम : पण बंद होईल हो, ताई. आमचे साहेब आकडा बघतात, भिंत बघायला येत नाहीत.

चिमणी : भीती मलाही वाटते. दोन पोरी आहेत, सासू अंथरुणाला खिळलेली. पण माझ्यामागं जाऊबाईंचा अर्ज आहे. माझं खोटं सापडलं, तर त्यांच्यावर कोण विश्वास ठेवेल?

मॅडम : बरं. अकरा लिहिते. आणि उरलेल्या दिवसांत काय केलंत, तेही सगळं लिहिते. रकाना नाही, तर पान जोडेन. साहेब ऐकतील असा शब्द मात्र देऊ शकत नाही.

चिमणी : खरं बोललात, खूप झालं.

मुकादम : आणि नाहीच ऐकलं, तर सोमवारपासून ये. महिन्याचे पंचवीस दिवस काम देतो.

चिमणी : घमेलं उचलायला?

मुकादम : थापी धरायला. म्हाताऱ्याला देतो तीच मजुरी. भिंतीला काय कळतंय, हात कुणाचा ते.

चिमणी : देवासारखे बोललात.

मुकादम : आणि समज, ऐकलं साहेबानं. पैसे चालू राहिले. मग?

चिमणी : मग तर येणारच की. अजून छत शिकायचं राहिलंय.