ताईंनी परत पाठवलेला कागद

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावरील ज्येष्ठ डॉक्टर मंडळी, ताईंचे यजमान आणि लेक, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी सर्जन. हातात सुई-दोरा असला की मी बरा, माइक दिला की घाम फुटतो. तरी आज ताईंच्या निवृत्तीच्या समारंभात बोलायचंच, असा हट्ट धरून उभा आहे.

ताई एकतीस वर्षं आपल्या रेकॉर्ड विभागात कोडिंग करत आल्या. म्हणजे आम्ही डॉक्टरांनी केसपेपरवर खरडायचं आणि ते वाचून त्यांनी प्रत्येक दुखण्याला, जखमेला नेमका कोड द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण आमचं अक्षर? आणि आमचा आळस? अर्धवट कागद त्या चिठ्ठी लावून परत पाठवायच्या. आम्ही पाठीमागे त्यांना 'परतताई' म्हणायचो. ताई, तुम्हाला ठाऊक होतं ना? बघा, हसताहेत.

अकरा वर्षांपूर्वी काचा बसवणारे एक गृहस्थ आले. खिडकीची काच निसटून मांडी फाटली होती. मी टाके घातले, त्यांना घरी पाठवलं आणि लिहिलं, "मांडीला जखम. टाके घातले." झालं! दुसऱ्या दिवशी कागद परत. मांडी उजवी की डावी? जखम किती लांब, किती खोल? आत काही राहिलंय का?

मी तरातरा खाली गेलो. "ताई, राहिलं असतं तर लिहिलं नसतं का? 'काही नाही' असं धरा आणि टाका कोड."

चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "सर, लिहिलं नाही म्हणजे नव्हतं, असं मी धरत नाही. तुम्ही पाहिलं होतंत का?"

नव्हतं पाहिलं. गडबडीत एक्स-रेसुद्धा काढला नव्हता. त्या गृहस्थांना परत बोलावलं. मोठ्या रक्तवाहिनीपासून बोटभर अंतरावर काचेचा तुकडा निघाला. पाय वाचला, कदाचित जीवही.

आणि मग मी केसपेपरवर काय लिहिलं? "मला शंका आल्याने रुग्णास पुन्हा बोलावले." तो कागदही ताईंकडेच गेला. मी धास्तावून चिठ्ठीची वाट पाहत होतो. आलीच नाही. शेवटी न राहवून विचारलं, तर फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, "शंका कुणाला आली याला कोड नसतो, सर."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी गप्पच बसलो. ते गृहस्थ दर वर्षी सहकुटुंब येऊन माझे हात हातात घेतात. आजही तिसऱ्या रांगेत बसलेत, मीच बोलावलंय.

दादा, ती शंका माझी नव्हती. तुमचा पाय या बाईंनी वाचवला.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण ते पोटात घालावं. अकरा वर्षं न बोलण्याची क्षमा मात्र मला ताईंकडेच मागायची आहे.