लाल की हिरवी

बोदवडच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांचा बारावीतला नातू येऊन बसले.

“प्रॅक्टिकल कसं गेलं रे, हितेश?”

“एक क्षार दिला होता, आबा. त्यातला धातू ओळखायचा. तारेवर घेऊन बर्नरमध्ये धरला की ज्योत रंग बदलते. हिरवी झाली तर बेरियम, लाल झाली तर कॅल्शियम.”

“मंग?”

“मला लाल-हिरवं सारखंच दिसतं ना.”

“शेजारच्याले विचारून घ्यायचं!”

“नाही विचारलं. परीक्षकांनाच सांगितलं, सर, हे दोन रंग मला कळत नाहीत, दुसरी टेस्ट करू का?”

“सगळ्या पोरांसमोर?”

“हो. मग क्रोमेट टाकलं, तर तळाशी पिवळा साका बसला. पिवळं मला दिसतं. कॅल्शियमचा असा साका बसत नाही, म्हणजे बेरियम!”

“काय म्हणले ते?”

“शाब्बास म्हणाले. आणि म्हणाले, हे बऱ्याचदा आईच्या वडिलांकडून येतं... आबा? काय झालं?”

“मिरची तोडताना पिकलेली कोणती, हे मी जलमभर तुझ्या आजीले विचारलं. डोळ्यावर ऊन येतं असं सांगून.”

“आजीला माहीत नाही?”

“आज घरी गेल्यावर सांगतो. तू फक्त जवळ बसजो.”