नववा रकाना

(दुष्काळ सरल्यानंतरची पहिली सुगी. तलवाड्याच्या अलीकडचं एक गाव. सोसायटीचे चेअरमन शहादेव यांची ओसरी. सचिव जालिंदर कागद भरत बसलेत. शहादेवांची बायको चतुराबाई सुपात ज्वारी निवडते आहे.)

चतुराबाई: सकाळधरनं ओसरी अडवून बसलाव दोघं. मला ज्वारी पाखडायला जागा न्हाई, आन् कागदावर म्हनं गावात उंदीर न्हाई.

शहादेव: तू निवड तुझी ज्वारी. जालिंदर, वाच पुन्हा.

जालिंदर: 'सदर गाव व संपूर्ण शिवार रानउंदरांपासून कायमचे मुक्त झाले आहे.' तात्या, 'कायमचे' ठेवायचं का? उद्या साहेब तपासणीला येणार. नुसतं 'मुक्त' बरं.

शहादेव: ठिव. त्याबिगर बियाण्याचं गोदाम आपल्याला देतील व्हय? एक उंदीर दिसला की गोदाम चाललं तलवाड्याला. औंदा बियाण्यासाठी गेवराईपतोर पायी गेलतो. माघारी येस्तोवर पेरायचा वाफसा उडालता. पुन्हा त्ये नगं.

चतुराबाई: पर आपल्या शिवाराची शीव उंदरास्नी कुनी दावली? तलवाड्याचा उंदीर हिकडं पाय टाकताना चेरमनला इचारनार हाय का?

जालिंदर: काकूंचं खरंय. उंदराला हद्द कळत नाही.

शहादेव: कळंल. सोसायटीनं ठराव केलाय.

जालिंदर: बरं. रकाना आठ. 'उंदीर कोणत्या उपायाने नष्ट केले?' मी 'विषारी औषध' लिहिलंय.

चतुराबाई: औषध कव्हा आलतं?

शहादेव: आलं न्हाई. पर मागितलं तर हुतं.

जालिंदर: साहेब रिकामे डबे बघायला मागतील, तात्या.

शहादेव: मंग सापळे लिही. आठ सापळे आनलते आपुन.

चतुराबाई: त्यात घावलं काय? एक चिचुंद्री आन् चेरमनचा अंगठा. चिचुंद्री निसटली. अंगठा पंधरा दिस सुजून हुता, गावजेवन असल्यागत मानसं बघायला येत हुती.

शहादेव: मांजर लिही.

जालिंदर: मांजर कुठंय गावात? सरूबाईचं एक होतं, ते दुष्काळात सगळ्यांच्या आधी गाव सोडून गेलं.

चतुराबाई: शानं हुतं. त्यालाच चेरमन करायचं हुतं.

जालिंदर: मग उरतं एकच. 'बिळे उकरून.' आणि ते तर खरंच आहे ना? मी दुष्काळात बीडला होतो, पण ऐकलंय. अख्खं गाव कुदळी घेऊन शिवारात उतरलं होतं म्हणे.

शहादेव: त्ये नगं. सापळेच लिही.

जालिंदर: का? 'ग्रामस्थांनी श्रमदानातून बिळे उकरली.' किती छान दिसतं. साहेब पाठ थोपटतील तुमची.

चतुराबाई: लिहू द्या की. श्रम तर हुतेच.

शहादेव: त्याच्या खाली नववा रकाना हाय. म्या कालच वाचून ठिवलाय.

जालिंदर: बघू. 'बिळात सापडलेल्या धान्याचे काय केले?' एवढंच ना. 'जाळून टाकले' लिहितो.

चतुराबाई: त्या साली ज्वारी जाळली म्हनं. सायब लई हसंल.

जालिंदर: मग 'गुरांना घातले'.

चतुराबाई: गुरं छावनीला हुती, पार गेवराईकडं.

जालिंदर: मग काय लिहू, काकू?

चतुराबाई: आधी माझं ऐक. परवाधरनं आमच्या कणगीखाली ताज्या मातीचा ढीग दिसतुया. रोज सकाळी.

शहादेव: चिचुंद्री असंल.

चतुराबाई: रानउंदीर हाय. ह्या डोळ्यांनी बघितलाय. बीळ बुजवलं न्हाई म्या.

शहादेव: कावून? उद्या सायब यायचाय, आन् चेरमनच्याच घरात उंदीर?

चतुराबाई: कणगीत दाना पडल्याबिगर त्यो कशाला आला आसता? त्याला बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आन् मागल्या साली आपुन त्यांच्या घरी गेलतो. आता त्ये आपल्या घरी आले, तर दार लावून घिऊ?

जालिंदर: त्यांच्या घरी म्हणजे?

चतुराबाई: तुझ्या तात्याला इचार.

शहादेव: जालिंदर.

जालिंदर: सांगा, तात्या.

शहादेव: त्ये 'कायमचे' खोड. 'मुक्त' बी खोड.

जालिंदर: आणि गोदाम?

शहादेव: उंदीर हायेत म्हनून मागू. खाली फरशी, दाराला पत्रा. दिलं तर दिलं, न्हाईतर चाललो पायी गेवराईला, पाय हायेतच. आठव्यात बिळं लिही. नवव्यात लिही, खाल्लं.

जालिंदर: गुरांनी?

शहादेव: आमी. उंदरांनी साठवलेली कणसं उकरून काढली, माती झटकली, हिनं निवडली, दळली. गावात कुनी कुनाला इचारलं न्हाई, आज काय शिजलं. पैलं बीळ म्या उकरलं. आत पिलं हुती, डोळे मिटल्याली. समदं लिही. फकस्त भाकर ग्वाड लागली, तेवढं लिहू नगंस.