काल्याच्या कीर्तनाचे पाच रोल

मृणाली : पाचच्या पाच रोल गेलेत, बाबा. एखादाच गेला असता, तर मीही म्हटलं असतं की त्या ऋत्विकचं चुकलं.

जगन : त्याचंच चुकलं. उजेड मोजायचा नाय, आकडा भलताच लावायचा, मग दुसरं काय होणार? चाळीस वर्षं मी ह्या रोह्यात कॅमेरे उघडून जोडतोय. कालचा पोरगा मला शिकवणार?

मृणाली : तो काही म्हणतच नाहीये. मी म्हणतेय. तुमची मुलगी.

जगन : तू विकतेस गो. मोबाईलवर टाकतेस नि खोक्यात भरून धाडतेस. शटर खोलून बघितलास कधी?

मृणाली : नाही बघितला. हे बघा तुम्ही. धरा उजेडात.

जगन : काय बघू?

मृणाली : निगेटिव्ह. महिन्यापूर्वीच दादरहून धुऊन आली. काल पेणला माझ्या घरी कॅमेऱ्यासकट आणून दिली त्यानं. बघा की. समईचा केवढा गोळा झालाय. आणि शिवाबुवा कुठे आहेत? मला दाखवा. चिपळ्या हातात घेतलेले, उपरणं खांद्यावर टाकलेले बुवा कुठे आहेत ह्यात?

जगन : हालले असतील.

मृणाली : बारा पंचे साठ, साठही फोटोंत?

जगन : कीर्तनात माणूस हालतो. खांबासारखा उभा राहत नाय.

मृणाली : बुवा हालले, मग मागचा खांब इतका उजेड खाऊन काळा कसा पडला? तो पण नाचत होता का? शटर उघडा राहतोय, बाबा. पंधरावर लावला की सेकंदाचा पंधरावा भाग नाही, चांगला अर्धा सेकंद उघडा राहतो. मी मोबाईलवर मोजलंय.

जगन : मोबाईलला काय कळतं शटरचं? मी कानानं लावतो. पंधराचा आवाज कसा असतो ते मला झोपेत विचार. आधी खट्, मागून बारीक चाकांची खर्र, आणि मिटताना परत खट्. ती खर्र तुटली की समजायचं, आत तेल घट्ट झालं. हा कॅमेरा मी तीनदा पेट्रोलनं धुतलाय. आकडे झिजले होते, तर हमरापूरला दिनेशकडे जाऊन, गणपतीचे डोळे लिहितो त्या कुंचल्यानं लिहून घेतले. एवढं करून देतो मी. फुकट नाव ठेवू नको.

मृणाली : पाठ करा तिकडे.

जगन : कशाला?

मृणाली : करा तर. मी शटर दाबते. किती वेळा दाबला तेवढं सांगा.

(जगन भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.)

मृणाली : झालं. सांगा.

जगन : दोन.

मृणाली : सहा.

जगन : पंख्याच्या आवाजात काय ऐकू येणार?

मृणाली : लाईट सकाळपासून नाहीये, बाबा. पंखा बंद आहे.

जगन : मग रस्त्यावर टेम्पो गेला.

मृणाली : टेम्पो ऐकू आला?

जगन : तू माझी परीक्षा घ्यायला आलीस पेणहून? पाच वर्षांची होतीस तेव्हा ह्याच टेबलाखाली बसून स्क्रू वेचायचीस. आता बापाला भिंतीकडे तोंड करून उभा करतेस.

मृणाली : मला हौस नाही. ह्या वर्षात चार कॅमेरे परत आले. चारही हळू स्पीडला अडकणारे. तुम्ही प्रत्येकाला काय म्हणालात आठवतंय? एकदा टपालात आदळला. एकदा समुद्राची हवा लागली. नाशिकच्या माणसाला म्हणालात, तुझा अंगठा जड आहे.

जगन : जडच असेल.

मृणाली : तुम्हाला ती खर्र ऐकूच येत नाही. तुम्ही आठवणीतली ऐकता. हात तसा चालतो म्हणून कान पण तसाच चालतोय असं धरून बसलात.

जगन : आणि तू काय केलंस? चार परत आल्यावर पण विकतेच आहेस की. तुझा माल खोटा नाय, माझेच कान खोटे?

मृणाली : मी लिहायला लागले.

जगन : काय लिहायला लागलीस?

मृणाली : प्रत्येक कॅमेऱ्याखाली. आठ महिने झाले.

जगन : काय ते मोठ्यानं सांग.

मृणाली : "हळू स्पीडची खात्री नाही." असं.

जगन : माझ्या कामाखाली?

मृणाली : हो.

जगन : माझं नाव वर, आणि खाली खात्री नाही? आठ महिने? मुंबई-पुण्याची पोरं वाचतात ते, आणि मी इथं बसून चिमट्यानं स्प्रिंग लावतोय? अगो, त्यापेक्षा दुकानावर पाटी लावायचीस, आत बसलाय तो म्हातारा भंगार जोडतो म्हणून. मला सांगायला तोंड नव्हतं?

मृणाली : सांगितलं होतं.

जगन : कधी?

मृणाली : दिवाळीत. तुम्ही मोरीत हात धूत होतात. मी दारात उभी राहून म्हटलं, बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं.

जगन : मला काय ऐकू आलं नाय.

मृणाली : येऊ नये एवढ्याच हळू बोलले. आणि मग मनाला म्हटलं, सांगून झालं. तुमच्याएवढीच मी पण ह्यात आहे, माहीत आहे मला. पण मी निदान लिहीत तरी होते. ऋत्विकनं कॅमेरा मोबाईलवरून घेतला नाही. इथं येऊन तुमच्या हातून घेतला. त्याला कोणी काही सांगितलं नाही.

जगन : कशाला सांगायचं? बुवांनीच धाडला होता नातवाला. जगनचा कॅमेरा असेल तरच काढ म्हणाले फोटो.

मृणाली : तेच तर. फ्लॅश नको, मोबाईल नको, समईच्या उजेडात जे येईल ते येऊ दे. सगळ्या गडब गावाला बुवांनी मोबाईल खिशात घालायला लावले. उभं देऊळ हात जोडून बसलं होतं, एकानं तरी काढला का फोटो? बुवांचा शब्द म्हणून कोणी काढला नाही. काल्याचं कीर्तन झालं, तिसऱ्या दिवशी बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. आता ते परत उभे राहणार नाहीत. त्या कीर्तनाचं जे काही असायचं ते ह्या पाच रोलांत होतं.

जगन : मला सांगतेस? मी तिथं होतो. बुवांच्या डाव्या अंगाला, टाळ घेऊन.

मृणाली : होतात. आणि टाळ मागे पडत होता.

जगन : मृणाली.

मृणाली : मृदंग पुढे गेला की तुमचा टाळ मागून यायचा. बुवांनी दोनदा मान वळवली. मी बायकांत बसले होते, मला दिसलं.

जगन : माझ्या टाळाला बोलायचं नाय. कॅमेऱ्याला बोल, दुकानाला बोल, टाळाला नाय. तिसाव्या वर्षी बुवांनी मला हाताला धरून उभा केला तिथं. कान गेला म्हटलं की टाळ गेला. दुकान गेलं. मग मी काय करायचं? बाहेर स्टूल टाकून रिक्षा मोजू?

मृणाली : ते आपण बघू. मशीन मिळतं कानाचं. पण आज साडेतीनला ऋत्विक येतोय, कंपनीतली शिफ्ट संपवून. त्याला काय सांगणार ते बोला आधी.

जगन : नवा रोल देतो त्याला फुकट. आकडे कसे लावायचे ते शिकवतो.

मृणाली : म्हणजे चूक त्याचीच.

जगन : लहान वय आहे. विसरेल तो.

मृणाली : आणि तुम्ही? मंगळवारी भजनाला त्याच देवळात जाणार ना तुम्ही? तुळशीमाळ घालून एका पोराच्या गळ्यात स्वतःची चूक घालायची, आणि वर देवापुढं टाळ वाजवायचा. असं करणार असाल तर मी ह्यापुढं तुमचा एक कॅमेरा विकणार नाही. खरंच सांगते.

जगन : नको विकू. जा.

मृणाली : जात नाही. आला तो.

ऋत्विक : येऊ का, जगनकाका? मृणालीताई पण आहे वाटतं.

जगन : ये. बस. पाणी दे गो त्याला.

ऋत्विक : नको, पाणी पिऊनच आलो. काका, कॅमेरा कालच ताईकडे दिलाय.

जगन : परत घेऊ म्हणतोस?

ऋत्विक : नाही, नाही. परत करायला नाही. शिकायला. माझंच काहीतरी चुकलं. घरात सगळे ओरडले मला. बाबा तर म्हणाले, घरचं एवढं मोठं कार्य आणि तुला साधं बटण दाबता आलं नाही. दोन दिवस बोलले नाहीत.

मृणाली : बाबा.

जगन : तू गप बस गो. बुवा काय म्हणाले?

ऋत्विक : आजोबा आता वहीत लिहून दाखवतात. लिहिलं, जगनचा कॅमेरा चुकायचा नाय, तूच घाई केली असशील. रागावले नाहीत. उलट माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

जगन : आकडा कितीवर होता?

ऋत्विक : पंधरावर. तुम्ही सांगितलंत तसंच.

जगन : हातात धरलेलास?

ऋत्विक : स्टँडवर. तेही तुम्हीच दिलेलं. आजोबा पद संपवून डोळे मिटून थांबले की मगच दाबत होतो. श्वास पण घेत नव्हतो, काका. तरी कुठे चुकलं तेच कळत नाही.

जगन : कुठेच नाय.

ऋत्विक : काय?

जगन : तू कुठेच चुकला नाहीस. शटर अडकतो. मी तसाच जोडून दिला तुला.

ऋत्विक : पण तुम्ही माझ्यासमोर चालवून दाखवलात. कानाजवळ धरलात, म्हणालात, एकदम ठणठणीत.

जगन : म्हणालो.

ऋत्विक : मग तेव्हा कळलं नाही तुम्हाला?

मृणाली : मला कळत होतं, ऋत्विक. मी आधीच सांगायला हवं होतं.

ऋत्विक : तुला माहीत होतं? ताई, तू त्या दिवशी देवळात माझ्या शेजारून गेलीस. छान येतील फोटो म्हणालीस.

मृणाली : म्हणाले.

ऋत्विक : म्हणजे दोघांनी मिळून. आणि मी महिनाभर घरात मान खाली घालून फिरतोय. मागच्या पगारातून रोल घेतले होते. आजोबांचा आवाज जाणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं, काका. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. म्हणून तर कीर्तन लवकर लावलं. आजोबा फक्त तुमच्या नावावर हो म्हणाले. दुसऱ्या कोणाचा कॅमेरा चालला असता, मी कंपनीतल्या मित्राचा आणला असता, पण नाही, जगनचाच. आणि तुम्ही...

जगन : मी काय?

ऋत्विक : काही नाही.

जगन : तिकडं बघून काय म्हणालास?

ऋत्विक : नको, काका. तुम्ही मोठे आहात.

जगन : नाय, बोल. सगळं बोल, मी ऐकून घेतो. संध्याकाळी बुवांच्या वहीत माझ्या हातानं लिहून येतो. पण आधी तू बोल. इकडं तोंड कर आणि जरा मोठ्यानं बोल, बाळा. मला ऐकू येत नाय.