नळीतलं जेवण

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर एका प्राध्यापकांच्या शेजारी बसलेले बहीण-भाऊ आत असलेल्या वडिलांवरून हळू आवाजात भांडत होते. कानाडोळा करण्याइतकी सभ्यता प्राध्यापकांना त्या दिवशी परवडणारी नव्हती, कारण त्यांच्या पत्नीलाही आत नाकातल्या नळीतूनच अन्न दिलं जात होतं.

"ताई, अण्णांचे जुलाब थांबत नाहीत, तर डॉक्टर नळीतलं अन्न बंद करू म्हणतायत. करू दे ना."

"आणि अण्णांनी उपाशी राहायचं? चादरी बदलायचा कंटाळा इथल्या लोकांना."

"मी कोंडा कालवून आणलाय थर्मासमधून. तो देऊ या?"

"नळी तुंबव म्हणजे झालं. लहानपणी मोरी तुंबवून हौस फिटली नाही वाटतं."

"मग तूच सांग."

"आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, विरघळणारं फायबर घातलेलं तयार अन्न मिळतं, ते बेताबेताने वाढवून बघता येईल. जुलाब औषधाने होतायत का, तेही तपासायला हवं. पण डॉक्टरांनी मनावर घेतलं तर."

"ते चिडतात गं."

"चिडू देत. काल अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला माझी किळस येते का?' त्यानंतर मला कुणाच्या रागाचं काही वाटत नाही."

दार उघडून डॉक्टर बाहेर आले, तशी ताई उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"बसा ना, बोलू सावकाश."

"बसून झालं, डॉक्टर. आता उभ्यानेच बोलू."